सत्काराची शाल घ्या, पण सिकलसेलचा केसपेपरही सोबत न्या

जुलै-ऑगस्ट आला की नागपूरच्या आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. परदेशी उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! मागे बाबासाहेबांचा कोटातला फोटो, बाजूला लंडनचा घड्याळाचा मनोरा, मधोमध आपला पोरगा किंवा पोरगी. विहारात वंदना होते, निळी शाल येते, ग्रंथ भेट दिला जातो. चार-पाच वक्ते १९१३ सालच्या कोलंबियापासून सुरुवात करतात आणि तासाभराने थांबतात. मीही अशा कार्यक्रमांत बोलले आहे, आणि तेही लांबलचक. पण त्या सगळ्या भाषणांत एकाही वक्त्याने, माझ्यासकट, कधी विचारले नाही की बाळा, तुझी तब्येत कशी असते? रोज कोणती गोळी घेतोस? ती तिकडे मिळते का?

परदेशात उपचार म्हटले की आपल्याला मंत्री आठवतात, उद्योगपती आठवतात, सिनेनट आठवतात. त्यांची अपॉइंटमेंट दुसराच कोणी घेतो, फाईल दुसराच कोणी धरतो. आपला माणूस परदेशी डॉक्टरसमोर बसतो तो वेगळ्या वाटेने. तो शिकायला गेलेला असतो आणि आजारी पडतो. सोबत आई नसते, भाऊ नसतो, भाषा अर्धी असते. आणि विदर्भातून जाणाऱ्या आपल्या काही मुलांच्या रक्तातच एक आजार असतो, ज्याचे नाव सत्काराच्या मंचावर कोणी घेत नाही. सिकलसेल.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला. तिकडे इंग्लंडमध्ये तेव्हा रात्रीचे नऊ. मुलगा यवतमाळ जिल्ह्यातला, घरी दोन एकर कोरडवाहू, आई मजुरीला जाणारी. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला पूर्ण सिकलसेल. लहानपणापासून वर्षातून एक-दोनदा सरकारी दवाखान्यात भरती, दोनदा रक्त चढवलेले, तरीही एमए फर्स्ट क्लास. तो एवढेच म्हणाला, "ताई, माझा रिपोर्ट कुठे आहे?" तो हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात बसून बोलत होता. मांड्या आणि कंबर अशी दुखत होती की मोबाईल धरवत नव्हता.

रिपोर्ट गावी पत्र्याच्या पेटीत होता. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पहाटे पाच वाजता शेजारच्या बारावीच्या पोराला उठवून पेटीतल्या कागदांचे फोटो काढले, ते व्हॉट्सअॅपवर आधी माझ्याकडे आणि माझ्याकडून त्याच्याकडे गेले. त्यातले दोन कागद रेशन कार्डाचे निघाले.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. तो जाण्याआधी त्याची आई मला भेटायला आली होती. म्हणाली, "ताई, तिकडं कोणाले सांगू नोको म्हणा त्याले. शिष्यवृत्ती वापस घेतली त काय करू आमी?" आणि मी, समाजशास्त्रात एमए केलेली, दहा वर्षे वस्तीत काम करणारी, म्हणाले, "बरोबर आहे मावशी, सांगायची गरज काय?" त्याने ऐकले. फाईल घरीच ठेवली. दोन महिन्यांच्या गोळ्या नेल्या, त्या नोव्हेंबरात संपल्या. तिकडे डॉक्टरकडे नाव नोंदवले नाही, कारण नोंदवले तर फॉर्मवर आजार लिहावा लागेल. मग जानेवारी आला, थंडी आली, लायब्ररीतून खोलीवर पायी जाणे आले, पाणी कमी पिणे आले. थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे, या दोन गोष्टींनी सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे मला माहीत होते. मीच वस्तीत याची पोस्टर लावली आहेत.

लपवायला सांगितले, ते कोणत्या भीतीने? शिष्यवृत्तीची भीती तर आहेच. पण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, सिकलसेल असलेल्याने अर्ज करू नये असे लिहिलेले मी आजवर पाहिलेले नाही. उलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी लागते, सिकलसेलची लागत नाही. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत वैद्यकीय तपासणीचे नियम वेगळे आहेत. तिथे फॉर्मवर विचारले असेल तर खोटे लिहिणे हाच मोठा धोका.

दुसरी भीती लग्नाची. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. इथे फक्त एवढेच की लपवून जुळवलेल्या लग्नात वाहक-वाहक एकत्र येतात आणि प्रत्येक बाळंतपणात पूर्ण सिकलसेलचे मूल होण्याची शक्यता चारात एक असते.

तिसरी भीती मात्र आपल्या चळवळीतल्या शिकलेल्या लोकांची आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. "ताई, हा आजार आपल्याच लोकांत आहे म्हणून सांगितले की ते म्हणतील, बघा, यांचे रक्तच खराब!" हे वाक्य मी डॉक्टर झालेल्या बौद्ध तरुणाच्या तोंडून ऐकले आहे. मित्रांनो, सिकलसेलचे जनुक जात बघून आलेले नाही, ते मलेरिया बघून आले आहे. ज्याच्याकडे एकच जनुक आहे, म्हणजे एएस पॅटर्न, त्याला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही संरक्षण मिळते. म्हणून जंगलपट्टीत, आफ्रिकेत, अरबस्तानात, मध्य भारतात ते टिकले. आदिवासींमध्ये आहे, आपल्यात आहे, काही ओबीसी जातींतही आहे. पण ते पिढ्यानपिढ्या त्याच-त्याच गटांत फिरत का राहिले, याचे उत्तर मलेरियात मिळत नाही. ते उत्तर एका २५ वर्षांच्या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वाचलेल्या निबंधात आहे. जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. शरम वाटायचीच असेल तर ती या व्यवस्थेला वाटली पाहिजे. आपल्या रक्ताने कसली शरम बाळगायची?

आणि हा आजार वैद्यकशास्त्राच्या कागदावर पहिल्यांदा आला तो कोणामुळे, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. १९०४ मध्ये ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावरून एक कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचे नाव. हिवाळ्यात आजारी पडला, दवाखान्यात गेला, तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशी विळ्याच्या आकाराच्या. जेम्स हेरिक या वरिष्ठ डॉक्टरांनी १९१० मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. लेखात नोएलचे नाव नाही. तो पदवी घेऊन परत गेला, आपल्या बेटावर दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिशीच्या आसपास, वारला. म्हणजे सिकलसेलचा नोंद झालेला पहिला रुग्ण परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीच होता. यवतमाळचा पोरगा त्याच रांगेतला.

आणखी एक गोष्ट. १९७१ पासून अमेरिकेत ब्लॅक पँथरवाल्यांनी वस्त्या-वस्त्यांत सिकलसेलच्या मोफत तपासण्या सुरू केल्या. सरकारने दुर्लक्ष केले म्हणून स्वतः टेबल मांडून बसले. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकन सरकारला सिकलसेल नियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली. नाव आपण तिथून घेतले, आवाज घेतला, कवितेतली आग घेतली. रक्ततपासणीचे ते टेबल मात्र घेतले नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भातल्या सिकलसेलबद्दल १९५८ मध्येच लिहून ठेवले होते, तरीसुद्धा.

मात्र भीती अगदीच खोटी आहे असेही मी म्हणणार नाही. त्याच अमेरिकेत सत्तरच्या दशकात तपासणीचे कागद कृष्णवर्णीयांच्या विरोधात वापरले गेले. फक्त वाहक असलेल्यांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना प्रवेश न देण्याचे धोरण १९८१ पर्यंत चालवले. म्हणून माझे म्हणणे असे नाही की फेसबुकवर जाहीर करा. माझे म्हणणे असे की डॉक्टरपासून लपवू नका. गावात सांगणे वेगळे आणि डॉक्टरला सांगणे वेगळे, हा फरक आपण करत नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय विद्यापीठाला किंवा घरमालकाला देत नाही. विद्यापीठाच्या दिव्यांग सहाय्य विभागाला सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितले तर परीक्षेची सवलत, निबंधाची मुदतवाढ, वर्गाजवळची खोली मागता येते. त्या मुलाने फेब्रुवारीत सांगितले आणि दोन निबंधांना मुदत मिळाली. सप्टेंबरात सांगितले असते तर कदाचित जानेवारी तसा गेलाच नसता.

आता पैशाचे बघू, कारण आपले लोक दवाखान्यात शिरताना आधी खिसा चाचपतात. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा घेताना आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा साधारण १७ महिन्यांचा मिळतो, त्यामुळे भरणा १,१६४ पौंड, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. शिष्यवृत्तीतून जावो की कर्जातून, हा पैसा गेलेला असतो. त्यानंतर तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, एनएचएसमध्ये, डॉक्टरची भेट, इमर्जन्सी, भरती यांचे वेगळे बिल येत नाही. आधीपासून असलेला आजारही त्यात येतो. म्हणजे हा उपकार नाही, हक्क आहे, आणि पावती तुमच्याकडे आहे. तरी आपला पोरगा "फुकटचे कशाला" म्हणून संकोचत बसतो!

औषधाच्या चिठ्ठीला मात्र इंग्लंडमध्ये पैसे पडतात, एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स. मधुमेह, थायरॉईड अशा काही आजारांना यात माफी आहे. सिकलसेल त्या यादीत नाही. ती यादी १९६८ ची, तेव्हा सिकलसेलचे मूल मोठे होईल असे कोणी धरलेच नव्हते. कृष्णवर्णीयांच्या संघटना वर्षानुवर्षे त्यासाठी लढत आहेत. कमी उत्पन्नाच्या माणसाला एचसी-१ नावाच्या फॉर्मवर सवलतीचा अर्ज करता येतो, विद्यार्थ्यालाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये चिठ्ठीला पैसेच पडत नाहीत. विद्यापीठ निवडताना कोणी हा हिशेब करत नाही, पण रोज गोळ्या घेणाऱ्याने करावा.

तिकडे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचे? बँक खाते आणि सिमकार्डासोबत जीपीकडे नाव नोंदवायचे. जीपी म्हणजे तुमच्या भागातला नेमलेला डॉक्टर. थेट तज्ज्ञाकडे जाण्याची आपली सवय तिथे चालत नाही. जीपीच पुढे हिमॅटॉलॉजीकडे पाठवतो, आणि त्याला आठवडे लागू शकतात. म्हणूनच पहिला आठवडा म्हणते. नोंदणीसाठी घरभाड्याची पावती नसली तरी नोंदणी नाकारता येत नाही. काउंटरवर कोणी अडवले तर तसे नम्रपणे पण ठाम सांगा. इंग्रजीची धास्ती असेल तर दुभाषी मोफत मागता येतो. मराठी हवा असे आधी कळवायचे.

भेट साधारण दहा मिनिटांची असते. आपल्याकडे आपण ओपीडीत चार तास बसतो आणि डॉक्टर मान वर न करता लिहितात, त्यामुळे आपण बोलणेच विसरलो आहोत. तिथला डॉक्टर उलट विचारतो, तुम्हाला काय वाटते? आपला मुलगा म्हणतो, तुम्ही म्हणाल तसे सर. आणि दहा मिनिटे संपतात. म्हणून पहिले वाक्य घरीच लिहून पाठ करायचे: मला सिकलसेल आजार आहे, एसएस पॅटर्न, मी अमुक औषध घेतो, ते इतक्या दिवसांत संपेल, मला हिमॅटॉलॉजीकडे पाठवा. सुरुवात हवापाण्याने करायची नाही.

फाईलमध्ये काय न्यायचे यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पेटीतले रेशन कार्ड मी विसरलेले नाही. सर्वांत वर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट. वस्तीतल्या शिबिरातली साधी चाचणी पुरत नाही, ती वाहक आणि रुग्ण यांतला फरक दाखवत नाही. नंतर तब्येत बरी असतानाचे तुमचे हिमोग्लोबिन किती असते, हे एका ओळीत. तुमचे नेहमीच आठ असेल तर तिथल्या डॉक्टरला ते कळले पाहिजे, नाहीतर आठ बघून तो घाबरेल किंवा उलट सहा झाले तरी त्याला फरक समजणार नाही. रक्त कधी चढवले, किती पिशव्या, त्रास झाला होता का, रक्तगट काय. वारंवार रक्त घेतलेल्यांच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात, म्हणून ही माहिती जीव वाचवणारी आहे. पित्ताशयाची सोनोग्राफी झाली असेल तर तिचा कागद. भरती झाल्याची डिस्चार्ज कार्डे. लसींच्या तारखा, विशेषतः न्यूमोकोकल आणि मेनिंजोकोकल, आणि झाल्या नसतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून घेणे, कारण या आजारात प्लीहा नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग पटकन पसरतो. सरकारी दवाखान्यातला केसपेपर हाताने लिहिलेला असतो आणि ते अक्षर लिहिणाऱ्यालाही नंतर वाचता येत नाही. म्हणून डॉक्टरांना विनंती करून लेटरहेडवर टाईप केलेले एक पानी पत्र घ्या. देत नाहीत, टाळतात, उद्या या म्हणतात. तिसऱ्यांदा गेलात की देतात.

औषधांची नावे कंपनीची लिहू नका, मूळ नाव लिहा. आपण ज्याला हायड्रॉक्सियुरिया म्हणतो त्याला ब्रिटनमध्ये हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणतात. त्या मुलाने मेडिकलमध्ये जाऊन भारतीय ब्रँडचे नाव सांगितले, त्यांना काही कळले नाही, आणि हा "इथे मिळत नाही" असे समजून परतला. अशीच एक बाब दुखण्याच्या गोळ्यांची. आपल्याकडे ट्रॅमाडॉल सर्रास मिळते. ब्रिटनमध्ये ते नियंत्रित औषध आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत तर पूर्वपरवानगीशिवाय बॅगेत सापडले तर अटक होऊ शकते. आपली बहुतेक स्वस्त तिकिटे आखातातल्या विमानतळांवरून जातात. तेव्हा अशा गोळ्यांबाबत डॉक्टरांशी आधी बोला, चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेवा, आणि मित्राने दिलेली सुटी गोळी खिशात टाकून निघू नका. बाकी औषधे, तीन महिन्यांपुरती, हातातल्या बॅगेत. विमानात पाणी पीत राहणे आणि मधूनमधून चालणे हेही औषधच आहे.

आता त्या रात्रीच्या इमर्जन्सीकडे परत येते. तिथे नर्सने त्याला विचारले, वेदना दहापैकी किती? तो म्हणाला, चार.

मी नंतर त्याला विचारले, चार का म्हणालास? तर म्हणे, "ताई, दहा म्हटलं तर नाटक वाटलं असतं." आजार कोणता, तर "सांधे दुखतात". सांधेदुखी आणि चार म्हटल्यावर कोण धावत येणार? तो पाच तास बसला. शेवटी पाळी बदलली आणि आलेल्या दुसऱ्या, कृष्णवर्णीय नर्सने त्याला मांडी धरून डोलताना बघून सरळ विचारले, तुला सिकलसेल आहे का? त्याने मान हलवली आणि रडला. तरुण डॉक्टर म्हणाला होता, भारतीय आहेस, मग थॅलॅसेमिया असेल. तिने रिपोर्टचे फोटो त्याच्यासमोर धरले. मग ऑक्सिजन, सलाईन, मॉर्फिन, चार दिवस भरती.

आपल्या लोकांना दुखणे गिळायला शिकवलेले आहे. रोजगार बुडेल म्हणून, मालक हसेल म्हणून, दवाखान्यात कोणी खेकसेल म्हणून. पिढ्यानपिढ्या "काही होत नाही" म्हणत कामावर गेलेली माणसे आहोत आपण. तेच पोरगे लंडनमध्ये शालीनतेने चार म्हणते. ज्यांनी गिळले नाही त्यांचेही कोणी ऐकले नाही, हेही खरे. ब्रिटनच्या खासदारांच्या एका गटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सिकलसेलवर अहवाल दिला. कोणीच ऐकत नाही, असा त्याच्या शीर्षकाचाच अर्थ होतो. कृष्णवर्णीय रुग्णांच्या वेदनेवर विश्वास न ठेवणे, औषधासाठी रडणारा व्यसनी समजणे, हे सगळे त्यात नोंदले आहे. म्हणजे तिकडे स्वर्ग नाही. पण तिकडे एक लिखित नियम आहे: सिकलसेलची तीव्र वेदना घेऊन आलेल्याला अर्ध्या तासात वेदनाशामक मिळाले पाहिजे. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१२ पासून तसे सांगतात. हा नियम माहीत असलेला विद्यार्थी आणि माहीत नसलेला विद्यार्थी यांच्यात पाच तासांचा फरक आहे.

म्हणून दारातच सांगायचे: सिकलसेल क्रायसिस आहे, वेदना नऊ आहे, हे माझे पत्र. ताप ३८ अंशांच्या वर गेला, छातीत दुखू लागले, श्वास लागला तर वाट न बघता ९९९. नुसता सल्ला हवा असेल तर १११. रूममेटला हे दोन आकडे आणि आजाराचे नाव सांगून ठेवा. एका माणसाला तरी माहीत असू द्या.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे एनएचएससारखे काही नाही, विमा हेच सर्व काही. इथला एजंट स्वस्त प्रवास विमा गळ्यात मारतो, त्यात आधीपासूनचा आजार बहुधा वगळलेला असतो. विद्यापीठाचा विमा महाग वाटला तरी त्याची अट-न्-अट वाचा आणि आधीचा आजार धरला आहे का हे ईमेलवर लेखी विचारा.

एसएस नसून नुसते एएस असलेल्यांनी घाबरू नये, तुम्ही रुग्ण नाही. पण भूल देण्याआधी डॉक्टरला सांगा, आणि तिकडे गरोदरपण आले तर जोडीदाराचीही तपासणी होऊ द्या.

कोणी म्हणेल, तिकडे जनुक उपचार निघाला आहे, पोरगे बरे होऊनच येईल. खरे आहे, कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, जगात सर्वांत आधी, मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. इंग्लंडमध्ये एनएचएसने जानेवारी २०२५ मध्ये तो निवडक रुग्णांसाठी मान्य केला. त्यात केमोथेरपी आहे, महिनोन्महिने दवाखाना आहे. वर्षभराच्या मास्टर्समध्ये ते उरकून येण्याचे काम नाही. या आशेवर चालू गोळी बंद करणारा एक जण मला भेटला आहे, म्हणून लिहिले.

राहिली सरकारची गोष्ट. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. भर आदिवासी भागांवर. तो हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण विदर्भातल्या अनुसूचित जातींच्या वस्त्यांत हा आजार तितकाच जुना आहे, त्यांचे काय? आणि सामाजिक न्याय विभाग परदेशी जाणाऱ्या मुलांकडून इतके दाखले मागतो, त्या ढिगात आरोग्यपत्राचे एक पान जोडून का देत नाही? निवडीसाठी नव्हे, निवड झाल्यानंतर, फक्त विद्यार्थ्याच्या हातात. मागणी छोटी आहे. आपण कधी केलीच नाही.

तो मुलगा पदवी घेऊन आला. सध्या पुण्यात नोकरी करतो, गोळ्या नियमित आहेत. त्याच्या आईने पेटीतले कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावले आहेत आणि फाईलवर शेजारच्या पोराकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतले आहे: रक्त.

यंदा सत्काराच्या आदल्या रविवारी आम्ही विहारात सकाळी दहा ते दोन बसणार आहोत. एक हिमॅटॉलॉजीचे डॉक्टर येणार आहेत, तिकडून शिकून आलेली दोन मुले येणार आहेत, आणि एक जण टायपिंगला. भाषण नाही. जाणाऱ्यांनी येताना घरातले सगळे जुने केसपेपर घेऊन यावे, फाटलेले असले तरी चालतील. आईलाही सोबत आणा, कारण अर्धी माहिती तिच्याकडेच असते.

जयभीम.